नास्तिक सहकाऱ्याशी बोलायचं तर अपोलोजेटिक्स शिकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहकारी नास्तिक आहे, येशू खरंच होऊन गेला का इथपासून सगळं विचारतो. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, वाद घालून कुणी विश्वासात येत नाही, प्रार्थना करा आणि साक्ष द्या. मग अपोलोजेटिक्सच्या, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचं तर्काने आणि पुराव्याने समर्थन करण्याच्या, अभ्यासात वेळ घालवावा का?

जरूर घालवा. वडीलधाऱ्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण मनापासून विचारणाऱ्याला ‘फक्त विश्वास ठेव’ एवढंच सांगणं म्हणजे त्याची बोळवण करणं. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, आणि त्याच दमात ते सौम्यतेने द्या असंही. हा दुसरा भाग वादाच्या भरात हमखास विसरला जातो.

मला सर्वांत मोठा फायदा वाटतो तो हा की आपलं कुठलं बोलणं भक्कम आणि कुठलं पोकळ, हे आपल्याला आधीच कळतं. योसेफसचंच घ्या. या यहुदी इतिहासकाराच्या ‘यहुद्यांचा प्राचीन इतिहास’ या ग्रंथात १८व्या खंडात येशूवर एक उतारा आहे, त्यात ‘हाच ख्रिस्त होता’ असं वाक्य येतं. उत्साही मंडळी तो हुकमी एक्का म्हणून टाकतात. पण ग्रंथाच्या प्रती हाताने उतरवणाऱ्या नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी त्यात भर घातली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तुमच्या सहकाऱ्याने थोडं जरी वाचलं असेल तर तो तिथेच धरेल, आणि मग तुमच्या पुढच्या खऱ्या मुद्द्यांवरही त्याचा भरवसा राहणार नाही. त्यापेक्षा त्याच ग्रंथाच्या २०व्या खंडातला ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब’ हा उल्लेख सांगा, तो सहसा अस्सल मानला जातो. जोडीला टॅसिटस आहेच: रोमन सम्राट तिबिर्याच्या कारकिर्दीत सुभेदार पंतय पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला, असं हा रोमन इतिहासकार इ.स. ११६च्या सुमारास लिहितो, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं.

मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटही असाच. १६:९–२० ही वचनं सिनाई आणि व्हॅटिकन या बायबलच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत, म्हणजे ती नंतर जोडलेली असावीत. हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत तर त्याच्या हातातला दगड तिथेच गळून पडतो.

पुनरुत्थानावर बोलताना पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायापासून सुरुवात करा. पत्र साधारण इ.स. ५५चं, आणि ‘मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं’ असं पौल म्हणतो, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला ही साक्ष पत्राहून जुनी. यावरून हा दावा फार लवकरचा आहे, शतकभराने रचलेला नाही, हे दाखवता येतं. दावा खरा आहे हे मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाही, तेव्हा तेवढंच म्हणा.

एका ठिकाणी हात आखडता घ्या. दुःखाच्या प्रश्नावर तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगा यांचा स्वतंत्र इच्छेचा युक्तिवाद (माणसाला खरं निवडीचं स्वातंत्र्य असेल तर तो वाईटही निवडू शकतो) उत्तम आहे, पण तो देव आणि दुष्टता यांत तार्किक विसंगती नाही एवढंच दाखवतो. सहकाऱ्याच्या घरी कुणी नुकतंच गेलं असेल आणि तो ‘देव कुठे होता?’ विचारत असेल, तर तेव्हा प्लँटिंगा काढू नका. चहा घ्या त्याच्याबरोबर, ऐका.

आणि येत नसेल ते ‘बघून सांगतो’ म्हणा. फक्त नंतर खरंच बघून सांगा. बहुतेक जण सांगत नाहीत.