कॉलर चावणारा मुलगा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा केस रिपोर्ट काल रात्री वाचला. अकरा पानं. साडेआठ पानांत फ्रॉइड, दोन पानांत आई, आणि तो सहा वर्षांचा मुलगा अर्ध्या पानात उरकलाय. कॉलर चावतो, पेन्सिलीचं टोक चावतो, शर्टाचं वरचं बटण दातांनी तोडून झालंय. त्याखाली तू ठाम अक्षरात लिहिलंस, 'ओरल फिक्सेशन', म्हणजे फ्रॉइडच्या भाषेत मन तान्हेपणीच्या तोंडाच्या सुखातच अडकून राहणं. पत्रात मात्र विचारतेस की आईला हे सांगू कसं. कारण दहाव्या महिन्यातच अंगावरचं दूध तोडल्याचं तिने सांगितलं, आणि सांगताना तिला रडू फुटलं.

नाही सांगायचं. संपलं. पण एवढ्यावर तू गप्प बसणार नाहीस, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी बघ. हे मी तुम्हा सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगते आणि तुम्ही सगळे पहिल्याच आठवड्यात विसरता.

मुखावस्था, गुदावस्था, लिंगावस्था, सुप्तावस्था, जननावस्था हा फ्रॉइडने लावलेला मुलाच्या वाढीच्या पायऱ्यांचा पाढा तुला पाठ आहे. पण तो आला कुठून, याचा विचार केलास कधी? फ्रॉइडने लैंगिकतेवरचे ते तीन निबंध १९०५ साली छापले, तेव्हा त्याच्या कोचावर येऊन पडत ती मोठी माणसं. त्यांच्या आठवणींतून, स्वप्नांतून त्याने बालपण मागे मागे जात रचलं. यातली गोम त्याला कळत नव्हती असं नाही. १९२० सालच्या एका केसमध्ये तो स्वतःच कबूल करतो की शेवटाकडून मागे जात राहिलं तर साखळी कुठेच तुटलेली दिसत नाही. पण सुरुवातीला उभं राहून पुढे बघितलं तर हेच होणार होतं असं म्हणता येत नाही. आणि त्या माणसाच्या नावावर तू दहा महिन्यांचं दूध आणि सहा वर्षांची कॉलर यांची गाठ मारून मोकळी झालीस!

हान्सची केस तू परीक्षेपुरती वाचली असशील. पुन्हा वाच. व्हिएन्नातला पावणेपाच वर्षांचा मुलगा, साल १९०८. घोडा चावेल म्हणून रस्त्यावर पाऊल टाकायला घाबरतो. फ्रॉइड म्हणाला, घोडा म्हणजे बाप, हा इडिपस गंड, म्हणजे आईची ओढ आणि तिच्यापायी बापाशी चढाओढ. बरं. पण उपचार चालू असताना फ्रॉइड त्या पोराला किती वेळा भेटला? एकदा. बाकी सगळं बापाने विचारायचं, बापाने टिपायचं आणि फ्रॉइडला कळवायचं. तोही आधीपासून फ्रॉइडच्या गोटातला. त्या घरासमोर मालाच्या गोदामाचं आवार होतं, घोडागाड्यांची सतत ये-जा. एका मोठ्या प्रवासी गाडीचा घोडा कोसळून पाय झाडताना पोराने पाहिला होता. धाकटी बहीण झाली होती. 'तिथे हात लावलास तर डॉक्टर कापून टाकतील' असा दम आईने भरला होता. हे सगळं त्या रिपोर्टात आहे, काही लपवलेलं नाही, म्हणून तर आपण आज फ्रॉइडशी भांडू शकतो. इंग्रज मानसोपचारतज्ज्ञ बोल्बीने पुढे तीच केस हातात घेऊन म्हटलं, या मुलाला आई सोडून जाईल याची धास्ती होती. खुद्द हान्स १९२२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, फ्रॉइडला भेटायला आला. स्वतःची केस वाचून त्याला त्यातलं जवळजवळ काहीच ओळखीचं वाटलं नव्हतं. तुझ्या अकरा पानांवरून उद्या कोणाला तुझ्याशी भांडता येईल का? भांडायला आधी त्यात मूल तर हवं.

आणि हाच फ्रॉइड बघायला बसला की कसं बघायचा! नातू दीड वर्षाचा, काही आठवडे दोघं एकाच घरात. दोरी बांधलेलं लाकडी रीळ तो पोर आपल्या पडदेवाल्या खाटेच्या कडेवरून आत फेकायचा आणि लांबलचक 'ओऽ' करायचा. ओढून काढलं की खूश होऊन 'दा'. गेलं, आलं. आपलं बुवाकुक्कच की. आईच्या जाण्यायेण्याशी फ्रॉइडने त्याचा धागा जोडला, पण कधी? तो खेळ पुन्हा पुन्हा पाहून झाल्यावर. आधी रीळ, मग विचार.

लंडनचा विनिकॉट तर मुळात मुलांचा डॉक्टर. बाळ आईच्या मांडीवर, समोर टेबलाच्या कडेला जीभ दाबायची चकचकीत पट्टी. आईला ताकीद एकच, मध्ये पडू नका. बाळ हात पुढे करतं आणि थबकतं. आईकडे बघतं, डॉक्टरकडे बघतं. पट्टी तोंडात जाते ती नंतर. त्याने १९४१ साली यावर लिहिलं, आणि त्याचा सगळा जीव त्या थबकण्यात आहे. तोंडात काय, सगळीच पोरं घालतात. तुझा मुलगा कॉलर तोंडात घालण्याआधी कुठे बघतो? आहे तुझ्याकडे उत्तर?

रागावू नकोस. मी कोणत्या तोंडाने बोलतेय ते सांगते.

तुझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठी असेन तेव्हा. पाच वर्षांचा एक मुलगा यायचा. शी दाबून धरायचा, चार-चार दिवस, मग चड्डीत व्हायची. आई टापटिपीची, पदर खोचलेला, बोलणं तुटक. मला वाटलं, पुस्तकातलं गुदावस्थेचं प्रकरणच समोर येऊन बसलंय. त्याला आधी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावं हेही सुचलं नाही. मी तिला समजावलं, तुम्ही शिस्तीची फार घाई केलीत. तिने ऐकून घेतलं. मुलगा तेवढ्या वेळात टेबलाखाली शिरून माझ्या चपलेचा पट्टा काढत होता, लावत होता. मी त्याला म्हटलं, नीट बस बघू.

ती पुन्हा आली नाही. वर्षभराने त्याची आत्या दुसऱ्याच कामासाठी आली, तिच्याकडून कळलं. त्यांच्या चाळीत संडास मजल्याच्या टोकाला, आणि तिथला बल्ब कोणीतरी सारखा काढून न्यायचं. पोरगा अंधाराला घाबरायचा. शेवटी काका रोज टॉर्च घेऊन दाराबाहेर उभा राहून गाणी म्हणायला लागला, मग हळूहळू सुटला त्रास. आणि आई? ती त्या वर्षात येईल-जाईल त्याला सांगत होती, माझ्यामुळेच पोराचं असं झालं, तिकडच्या बाई म्हणाल्या.

त्या दिवशी माझ्या यादीत चौदा जण होते. माझं काम तपासून बघणारं वर कोणी नव्हतं. घरी जाऊन बघायला वेळ आणि बसभाडं कोण देणार होतं? आणि पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं, मी काही पदरचं बोलले नव्हते. हे मी अजूनही म्हणते. तरी, संडास कुठे आहे हे विचारायला बसभाडं लागत नव्हतं.

आपल्याकडे आई तान्ह्याला दोन पावलांवर बसवून 'शूऽ शूऽ' करत शी-शू करवते. पोर आजीच्या कुशीत झोपतं, काकूच्या हातून जेवतं. व्हिएन्नातल्या घराचा साचा इथे जसाच्या तसा कसा बसेल? १९२२ साली कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी थेट फ्रॉइडला कळवलं होतं की लिंग कापलं जाण्याची ती हान्ससारखी भीती माझ्या भारतीय रुग्णांत युरोपियनांइतकी ठळक दिसत नाही. गुरूला असं लिहायला आधी स्वतःचे रुग्ण नीट पाहिलेले असावे लागतात.

फ्रॉइड फेकून दे असं मी म्हणत नाहीये, उगाच तसा अर्थ काढू नकोस. मुलाच्या वेडगळ भीतीलाही अर्थ असतो, ती ऐकून घ्यायची असते, हे मी त्याच्याकडूनच शिकले. फक्त त्याला दाराबाहेर थांबव. आत आधी तू जा. १९४८ पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मानसोपचार केंद्रात मनोविश्लेषक एस्थर बिक शिकणाऱ्यांना एका बाळाच्या घरी धाडायची. आठवड्याला एक तास, दोन वर्षं, आणि तिथे असताना कागदावर एक अक्षर लिहायचं नाही. दोन वर्षं! तू त्या मुलाच्या वर्गात मागच्या बाकावर किती वेळ बसलीस, खरं सांग.

आता पान सात काढ. तळाला तुझीच ओळ आहे, 'मधल्या सुट्टीत चावताना दिसला नाही.' अगं, ही ओळ लिहून तू पुढे गेलीसच कशी? मग कधी चावतो? कोणत्या तासाला? बाई कोणाचं नाव पुकारतात तेव्हा? ओली कोणती बाजू असते, डावी की उजवी, आणि त्या बाजूला बसतं कोण?

गुरुवारी जा. वही दप्तरात राहू दे.

त्याआधी त्याच्या आईला फोन कर आणि म्हण, तो दुधाचा प्रश्न मी विचारायला नको होता. मी माझ्या त्या पाच वर्षांच्या मुलाच्या आईला शोधत गेले होते, पण फार उशिरा. चाळ पाडून झाली होती.

तुझी,
ताई