46 व्या वर्षी नोकरी सोडून नवीन काही जमेल का? माझं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय 46, हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला 22 वर्षं, आता सकाळी गाडी काढायचीच इच्छा होत नाही, वहिनी म्हणतात सोडा, आई म्हणते वेड लागलं का, आणि तुमच्या डोक्यात सावजी हॉटेल फिरून राहिलं. बरोबर ना?

तुम्ही विचारलं की कोणतं फील्ड धरू. मी उलटं विचारतो, आत्ताच्या कामातलं असं काय आहे जे कोणी न सांगता करता? मी 51 व्या वर्षी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची नोकरी सोडली तेव्हा सगळ्यांना वाटलं हा आता इन्शुरन्स नाही तं प्लॉट विकेल, सेल्सवालाच शेवटी. पण मला विकणं कधीच आवडलं नव्हतं, आवडायचं ते धंतोली-रामदासपेठेतल्या वेटिंग रूममध्ये बसणं, म्हाताऱ्या पेशंटशी गप्पा मारणं. आज तेच करून राहिलो. ज्यांची पोरं पुण्या-बंगळुरूले आहेत अशा आईवडलांना डॉक्टरकडे नेतो-आणतो. बोर्डावर ओपीडी 11 ची असली तरी डॉक्टर खरंच किती वाजता येतात, नंबर कोणाकडे लावायचा, जुने रिपोर्ट तारखेने कसे लावायचे, हे सगळं मले आधीच पाठ होतं, तेव्हा त्याची किंमत नव्हती एवढंच. संध्याकाळी पोराला व्हॉइस नोट टाकतो की डॉक्टर काय बोलले. औषधावर आपलं मत द्यायचं नाही, हा एक नियम कडक. पैसे जुन्या पगाराएवढे नाहीत, खोटं काहून सांगू, पण काकू दारात चप्पल घालून वाट पाहत उभ्या असतात तं उशीर करावासा वाटत नाही.

आता तुमचं. तुम्हीच लिहिलं की बंद पडलेली मशीन चालू झाली की बरं वाटतं आणि रिपोर्ट, मीटिंग, ऑडिटनं डोकं उठतं. मग हॉटेल कुठून आलं मधातच? दुरुस्तीच धरा, फक्त मालक बदला. नागपुरात सोलर बघा, 2024 मध्ये पीएम सूर्यघर ही घरच्या छतावरच्या सोलरची केंद्राची योजना आली, 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी, गच्च्या भरून राहिल्या. लावणारे बम आहेत, लावून झाल्यावर फोन उचलणारे कमी. आपल्याकडची धूळ, मे मधला 45 डिग्रीचा ताव, पॅनलचं रेटिंग असतं 25 डिग्रीवरचं आणि ते तापलं की वीज कमी बनते, लोकांना वाटतं फसवलं आपल्याला. तिथं जाऊन मीटर लावून मोजून शांतपणे समजावणारा माणूस पाहिजे. फक्त डीसी साईड, म्हणजे पॅनलमधून निघणारी एकाच दिशेनं वाहणारी वीज, नीट शिकून घ्या, फॅक्टरीतल्या एसी विजेची सवय तिथं कामाची नाही. दुसरं, आयटीआयमध्ये तासिकेवर शिकवायचं. पैसे कमी, पण पोट्टे तुमच्यासारख्याकडून लवकर शिकतात. दोन्ही सुट्टीच्या दिवशी करून पाहता येतं, राजीनामा नंतर.

पैशाचं थोडक्यात. ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन, तिची 10 वर्षांची अट तुमची कधीच झाली, आज सोडलं तरी 58 ला पेन्शन चालू होईल. 50 पासूनही घेता येते पण दर वर्षामागे 4 टक्के कापतात, आणि पगार 15 हजाराच्या मर्यादेतच धरतात, त्यामुळे त्या पेन्शनवर घर चालवायचा विचार नको. ग्रॅच्युइटी मात्र चांगली बसेल, शेवटचा बेसिक अधिक डीए भागिले 26, गुणिले 15, गुणिले 22, आजच मांडून बघा. ती मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढा, धंद्यात ओतू नका. लोन पाहत असाल तं केंद्राच्या पीएमईजीपीत, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणाऱ्या योजनेत, वरची वयोमर्यादाच नाही.

आणि सगळ्यात आधी, म्हणजे राजीनाम्याच्याही आधी, घरच्यांसाठी स्वतःची हेल्थ पॉलिसी काढा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीसोबत जातो, आणि नवीन पॉलिसीत आधीच्या बीपी-शुगरसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते घड्याळ पगार चालू असतानाच सुरू झालेलं बरं. हे मी रोज दवाखान्यात बसून बघतो म्हणून एवढं घोकून राहिलो.

सावजीचं म्हणाल तं मी आडवा येणार नाही. पण पहाटे उठून कॉटन मार्केटला भाजी, मग मटण, मग मसाला वाटणारा माणूस सुट्टीवर, रात्री 12 ला भांडी, हे तुम्हाला पाहिजे का? का तुम्हाला फक्त सावजी खायला आवडतं? ओळखीच्या एखाद्या हॉटेलात महिनाभर सुट्टीच्या दिवशी मागच्या बाजूला उभे राहा, गल्ल्यावर नाही, भट्टीजवळ.

बेसिक किती आहे आणि इलेक्ट्रिकल सुपरवायझरचा परवाना काढला आहे का, हे दोन सांगा, मग पुढचं बोलू.