‘नोकरी सोडून देवाच्या कामाला लागू का?’

लुथरन मंडळ्यांत, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या परंपरेतल्या चर्चमध्ये, समुपदेशन करताना हा प्रश्न वारंवार येतो. विचारणारा बहुधा चाळिशीतला असतो. नुकतीच एखादी उज्जीवन सभा (विश्वास नव्याने जागवणारी सभा) होऊन गेलेली असते आणि त्याच्या मनाने घेतलेलं असतं की सहा दिवस पोटासाठी जातात, देवाच्या वाट्याला उरतो तो फक्त रविवार. खालची हकिगत तीन-चार जणांच्या अनुभवांतून जुळवली आहे. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

छिंदवाड्याकडचा लाइनमन, वय ४४. मध्य प्रदेशातल्या इव्हँजेलिकल लुथरन मंडळीचं मुख्यालय छिंदवाड्याला आहे आणि मंडळीची मुळं स्वीडिश मिशनमध्ये आहेत. जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे सौंसर-पांढुर्णा (आता हा पट्टा पांढुर्णा या वेगळ्या जिल्ह्यात गेला), मराठी बोलणारा. या माणसाच्या घरी मराठी आणि उपासना हिंदीत. राजीनामा लिहून बायबलमध्ये ठेवलेला. घरकर्जाचे ११ वर्षांचे हप्ते बाकी, मुलगी बारावीला. सोबत पत्नीही आली होती. ती एवढंच म्हणाली, “देवाचं काम करू नका असं मी म्हणत नाही. पण आम्ही कोणाचं काम आहोत?”

पहिल्या बैठकीत होकार-नकार काहीच दिला जात नाही. अट एकच, ९० दिवस राजीनामा द्यायचा नाही. सभेचा जोर ओसरायला आणि घरातल्यांना बोलतं व्हायला तेवढा वेळ लागतोच.

मग एका कागदावर तीन रकाने आखायचे: घर, मंडळी, गाव-नोकरी. लूथर माणसाचं जगणं याच तीन जागांत पाहतो. रकान्यात कामं लिहायची नाहीत. या आठवड्यात ज्यांना आपली गरज पडली त्या माणसांची नावं लिहायची. इथे बहुतेक जण अडखळतात, कारण कामं भराभर आठवतात आणि माणसं आठवत नाहीत. या लाइनमनच्या मंडळीच्या रकान्यात ९ नोंदी झाल्या: गुरुवारची प्रार्थना, गानवृंद, युवक संघ, दोन गावांतल्या सभा वगैरे. त्यात माणसाचं नाव एकही नव्हतं. घराखाली दोन नावं आली. नोकरीचा रकाना कोरा राहिला. “तिथे काय लिहू? तारा ओढतो.”

तारा कशा ओढता, ते सविस्तर सांगा, असं विचारल्यावर माणूस खुलला. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनवर चढायचं तर आधी सबस्टेशनवरून परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, घ्यायचं, फोनवर नाही, लेखी. स्विच उघडून कुलूप लावायचं. लाइन मेली आहे का ते तपासायचं. मग डिस्चार्ज रॉड लावून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं, म्हणजे तारा जमिनीशी जोडायच्या. दोन्ही बाजूंना, कारण पलीकडे कोणी जनरेटर चालू केला तर करंट उलटा येतो आणि बंद लाइन जिवंत होते. काम झालं की माणसं मोजायची, अर्थिंग काढायचं आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं.

बोलता बोलता तो थांबला. गेल्या महिन्यात रात्रभराच्या प्रार्थनेहून तो थेट ड्यूटीवर गेला होता. एका बाजूचं अर्थिंग राहून गेलं होतं. हेल्पर, ठेकेदाराकडचा २३ वर्षांचा पोरगा, पोलवर पाय ठेवणार तेवढ्यात त्या पोराच्याच ते लक्षात आलं.

ही गोष्ट लाइनमनने पाळकांनाही (मंडळीच्या धर्मगुरूंनाही) सांगितली नव्हती. पापांगीकार करताना, म्हणजे आपली पापं कबूल करताना, तो प्रार्थना कमी पडते, वाचन कमी पडतं असं म्हणायचा. अर्थिंगचा विषय कधी निघाला नाही. खरं तर लूथरची लहान प्रश्नोत्तरी (१५२९), म्हणजे विश्वासाचे मूळ धडे शिकवणारं त्याचं छोटं पुस्तक, पापांगीकाराच्या भागात नेमकं हेच विचारते: दहा आज्ञा समोर ठेवून आपली जागा पाहा. बाप आहेस, आई आहेस, मुलगा-मुलगी आहेस, मालक आहेस की नोकर? त्या जागेवर अविश्वासू किंवा आळशी वागलास का, कोणाचं नुकसान केलंस का? दृढीकरणाच्या वर्गात (बाप्तिस्मा झालेल्या मुलांना विश्वास शिकवतात तिथे) हे पाठ होतं आणि तिथेच राहतं.

दुसऱ्या बैठकीत पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, हा शब्द घेतला. हा शब्द बायबलमधल्या पौलाच्या पत्रातला, १ करिंथ ७:२० मधला. पाचारणासाठीचा जर्मन शब्द ‘बेरूफ’ लूथरने रोजच्या कामधंद्यालाही लावला. त्याच्या काळात देवाचं बोलावणं म्हणजे साधू-संन्यासिनींचं आणि याजकांचं, असा समज होता. १५२० साली त्याने लिहिलं की चांभार, लोहार, शेतकरी यांना आपापलं काम आहे आणि तरीही बाप्तिस्म्याने ते सगळे याजकच आहेत. १५२२ मध्ये तर लंगोट धुणाऱ्या बापाबद्दल लिहिलं: लोक हसतात, पण देव आणि देवदूत आनंदाने पाहतात. (‘ख्रिस्ती चांभार बुटावर क्रूस काढत नाही, चांगले बूट शिवतो’ हे वाक्य उपदेशांत लूथरच्या नावावर खपतं. त्याच्या लेखनात ते नाही.)

या वचनाचा आपल्याकडे मोठा धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘आहे त्या स्थितीत राहा’ हे वाक्य जातीने वाटून दिलेल्या कामाला देवाचा शिक्का म्हणून वापरता येतं. ज्यांचे आजे-पणजे तोच शिक्का झुगारून मंडळीत आले, त्यांना ते ऐकवणं क्रूरपणाचं आहे. लगेच पुढच्या वचनात पौल दासाला सांगतो की मोकळं होता येत असेल तर हो. पाचारणाचा रोख शेजाऱ्याकडे असतो. काम पिढीजात आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ठेकेदार हातमोजे देत नसेल तर मुकाट्याने चढणं हे पाचारण होत नाही, मोजे मागणं होतं.

मग पूर्णवेळ सेवेचं काय? इथे लुथरन परंपरा सरळ उत्तर देते आणि मंडळ्या ते वापरत नाहीत. ऑग्सबर्ग विश्वासांगीकार (१५३०) हा लुथरन विश्वासाचा मूळ जाहीरनामा; त्याचं १४वं कलम म्हणतं की रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कार देऊ नयेत. म्हणजे ‘देव मला बोलावतोय’ ही आतली ओढ खरी असू शकते, पण तिच्यावर मंडळीचं बोलावणं लागतं. म्हणून तीन प्रश्न लिहून पाळकांकडे न्यायला सांगितले: मंडळीला या कामासाठी माणूस हवा आहे का? माझ्यात ते दान तुम्हाला दिसतं का? घर कशावर चालेल, महिना आणि रक्कम लिहून सांगा. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. लाइनमनच्या पाळकांनी प्रामाणिक उत्तर दिलं: “प्रचारक नकोय. रविवारच्या शाळेला शिक्षक हवाय.”

आणखी एक गाठ सोडवायची होती. तो हत्यारांच्या पिशवीत सुवार्तेची पत्रकं ठेवायचा आणि शेतकऱ्याचं जळालेलं ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करताना हातात द्यायचा. हेतू चांगला होता. पण ज्याच्या हातात आपली वीज आहे त्याला कोण ‘नको’ म्हणेल? ओलिताला पाणी हवं असलेला संत्रावाला पत्रक घेईल, सलामही करेल; त्याला साक्ष म्हणायचं नाही. १ पेत्र ३:१५ तर विचारणाऱ्याला उत्तर द्या, तेही सौम्यतेने, असं सांगतं. आधी कोणी विचारायला हवं. रात्री दोनला पाऊस झेलत आलेला माणूस चहापाण्याचे पैसे घेत नाही, तेव्हा लोक आपणहून विचारतात.

मंडळीच्या पंचांशीही बोलणं झालं, कारण दोष एकट्या लाइनमनचा नव्हता. रविवारच्या हजेरीवरून विश्वास मोजला की पाळीत काम करणारी नर्स, ड्रायव्हर, लाइनमन नापास होणारच. सुचवलेलं साधं होतं. मध्यस्थीच्या प्रार्थनेत दर रविवारी एक धंदा नावाने घ्यायचा, दोन मिनिटांत. आदल्या आठवड्यात पाळकांनी त्या माणसाच्या कामाच्या जागी जाऊन यायचं, पण उपदेश न करता. हे फसतं ते दोन ठिकाणी. पहिल्या तीन रविवारी डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी येतात, मग यादी संपते आणि धुणीभांडी करणारी बाई राहून जाते. म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी. दुसरं, कोणीतरी शाल-श्रीफळ आणतं आणि प्रार्थनेचा सत्कार समारंभ होऊन बसतो.

९० दिवसांनी तो कागद घेऊन आला. मंडळीच्या रकान्यात आता एकच ओळ होती, ‘संडे स्कूल, महिन्यातून दोन रविवार, ड्यूटी चार्ट बघून’, आणि खाली सात पोरांची नावं. घराच्या रकान्यात मुलीच्या नावापुढे ‘फिजिक्स, रोज अर्धा तास, मलाच येत नाही तरी बसतो’. नोकरीच्या रकान्यात सगळ्यात वर हेल्परचं नाव, त्यापुढे ‘हातमोजे: अर्ज दिला, आवक नंबर घेतला’.