साडेतीन वर्षांच्या मुलीला घरच्या घरी रस्त्यावरील सुरक्षितता कशी शिकवावी?

आपण लिहिले आहे की मुलगी बालवाडीत जाते, लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांचे गाणे तिला तोंडपाठ आहे आणि आता घरात आणखी कोणते खेळ घ्यावेत, हे आपल्याला हवे आहे. मी एसटीत चालक होतो. नाशिक–वणी–कळवण मार्गावर माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला, आणि निवृत्तीनंतर माझा चार वर्षांचा नातू नाशिकमध्ये इंदिरानगरला दिवसभर माझ्याकडेच असतो. त्यामुळे या विषयावर माझे मत जरा कडक आहे, आणि त्याची सुरुवात त्या गाण्यापासूनच होते.

ते गाणे बंद करावे. दिव्यांचे रंग वाहन चालवणाऱ्यासाठी असतात, आणि आपली मुलगी वाहन चालवत नाही. ‘हिरवा म्हणजे जा’ एवढेच ठाऊक असलेले मूल मुंबई नाक्यावर उभे केले, तर वाहनांसाठी लागलेला हिरवा दिवा पाहून तेही वाहनांसमोर पाऊल टाकील. लाल दिवा लागला की सगळे थांबतात, असे त्याला सांगणे तर शुद्ध फसवणूक आहे; आपल्या शहरात डावीकडे वळणारा दुचाकीस्वार तो दिवा आपल्यासाठी आहे असे मानतच नाही.

समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा भरवशाचा अंदाज मुलांना निदान आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत येत नाही, आणि तो घरातल्या कोणत्याही खेळाने लवकर येत नाही. मात्र आणखी एक चुकीची समजूत या वयात पक्की असते: मला गाडी दिसते आहे, म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसतो आहे. ती घरी दुरुस्त करता येते. एसटी मागे घेताना वाहक खाली उतरून शिट्टी का वाजवतो, हे प्रवाशांना फारसे ठाऊक नसते. चालकाला आरशांत गाडीच्या दोन्ही बाजू दिसतात, पण थेट मागची जागा दिसत नाही. बसच्या पुढच्या काचेखालीही अशी जागा असते की तिथे लहान मूल उभे राहिले, तर चालकाला त्याच्या डोक्याचा केससुद्धा दिसणार नाही. वणीच्या यात्रेच्या गर्दीत ही जागा मनात धरूनच मी गाडी हलवत असे.

नातवाला हे सांगून कळेना, म्हणून मी शेजाऱ्यांकडून त्यांच्या उंच बॉनेटच्या मोटारीची किल्ली मागून घेतली. मोटार आवारात उभी होती, इंजिन बंद होते. नातवाची लाल तीनचाकी सायकल मी मागच्या बंपरला जवळजवळ लावून ठेवली, त्याला मांडीवर घेऊन चालकाच्या जागी बसलो आणि सायकल शोधायला सांगितले. त्याने डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला, मधला पाहिला, मान वळवून मागच्या काचेतून पाहिले, आणि सायकल कोणीतरी नेली असे ठरवून तो रडायलाच लागला. खाली उतरून पाहतो तो सायकल जागेवरच. हाच प्रकार त्याने मला पुन्हा पुन्हा करायला लावला, नंतर सायकलीच्या जागी आजीला खाली बसवले, आणि आजीही दिसत नाही म्हटल्यावर त्याची खात्री पटली. तेव्हापासून आवारात कोणाचीही गाडी सुरू झाली की तो भिंतीला चिकटून उभा राहतो. अर्थात चेंडू घरंगळला की तो हे विसरतो, त्यामुळे मी त्याच्यावरची नजर काढलेली नाही.

घरात खेळायचे म्हणाल तर गच्चीवर खडूने रस्ता आखावा आणि दोन्ही कडांना खुर्च्या उभ्या कराव्यात. त्या उभ्या केलेल्या गाड्या. खुर्चीच्या आडून एकदम बाहेर यायचे नाही, तिच्या कडेशी थांबून डोकवायचे, हे अंगवळणी पडेपर्यंत करून घ्यावे. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालते म्हणून आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे पाहायचे; या वयात उजवे-डावे कळत नसेल तर ‘जेवायच्या हाताकडे आधी’ असे सांगावे. उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार सगळ्याच रस्त्यांवर भेटतात, तेव्हा दुसरी बाजू कधीही गाळू नये. धावताना ‘स्टॅच्यू’ म्हणताच जागच्या जागी थांबणे हा जुना खेळ या कामाला फार उपयोगी पडतो. मात्र गच्चीवर शिकलेले रस्त्यावर आपोआप येत नाही, म्हणून त्याच आठवड्यात कॉलनीतल्या शांत रस्त्यावर मनगट धरून तेच करून घ्यावे. द्वारका चौकात सराव करू नये. तिथे मोठ्यांचीच परीक्षा होते. तिडके कॉलनीतले मुलांचे ट्रॅफिक पार्क चांगले आहे, पण मुलगी जरा मोठी झाल्यावर न्यावे.

आता मुख्य मुद्दा, जो आपण विचारलेला नाही. माझे जावई शिकलेले आहेत, स्वभावाने चांगले आहेत, आणि संध्याकाळी नातवाला न्यायला येतात तेव्हा त्याला स्कूटरवर पुढे उभा करून नेतात. आपल्याकडे जावयाला बोलायचे नसते, तरी मी बोललो. ‘आम्हीही टाकीवर बसूनच मोठे झालो, आणि घर दोन गल्ल्यांवर तर आहे’, हे त्यांचे उत्तर. ते टाकीवर बसत होते तेव्हा रस्त्यावर एवढी वाहने नव्हती, आणि जे टाकीवरून पडले ते आज हे वाक्य बोलायला येत नाहीत. अचानक ब्रेक लागला की पुढे उभ्या मुलाचे तोंड हँडलवर आपटते आणि मागून मोठ्या माणसाचे सगळे वजन त्याच्यावर येते. दाराशी स्कूटर चालू ठेवून कोणाशी बोलत उभे राहिले, तर मुलाचा हात अ‍ॅक्सिलरेटरवर जातो आणि बिनगिअरची गाडी उडी घेते. मुलाला चढवण्या-उतरवण्यापूर्वी गाडी बंद करून किल्ली काढून घ्यावी, यात वाद घालण्यासारखे काय आहे, हे मला अजून कळलेले नाही.

कायदाही माझ्या बाजूने आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त नको. चार वर्षांवरील मुलाला तर मोठ्यांसारखेच हेल्मेट सक्तीचे आहे. मी नातवासाठी हेल्मेट आणले; ते सध्या जावयांच्या घरी कपाटावर आहे, आणि मुलीच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही बाजूंचे म्हणणे बरोबर आहे.

प्रत्येकाकडे मोटार नसते, रिक्षा रोज परवडत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून दुचाकी नकोच, असे मी म्हणत नाही. मुलीला बालवाडीत तिचे बाबा स्कूटरवरून सोडतात, एवढे आपण लिहिले आहे. ती पुढे उभी राहते की पट्टा बांधून मागे बसते, ते मात्र लिहिलेले नाही. पुढे उभी राहत असेल, तर खडूचा रस्ता आखण्यापूर्वी पट्टा आणि हेल्मेट आणावे. हेल्मेट घेताना मुलीला दुकानात बरोबर न्यावे, कारण मोठ्या मापाचे हेल्मेट मान वळवताच डोळ्यांवर येते आणि मग ते कोणीच घालत नाही.