जिन्यात आठवलेलं काम दारापर्यंत का पोचत नाही?

“जिना चढताना आठवतं, दार उघडेपर्यंत गेलेलं असतं. माझी स्मरणशक्ती चालली का हो?” चाळिशी ओलांडलेल्या, दोन मुलं आणि ऑफिसातली टीम सांभाळणाऱ्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) असं विचारत बरेच जण समुपदेशनाला येतात आणि बहुतेकांच्या पोटात एकच भीती असते: स्मृतिभ्रंश.

ती आधी तपासून घ्यावी लागते. नेहमीचा रस्ता चुकतो, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारला जातो, घडलेला प्रसंग आठवण करून दिली तरी आठवत नाही, घरच्यांनाच हे आधी जाणवतं, असं असेल तर वही-ॲपच्या नादी न लागता डॉक्टरांकडे जायचं. अपुरी झोप, थायरॉइड, बी-१२ची कमतरता आणि नैराश्य यांनीही विसरायला होतं, तेही बघून घ्यायचं. बाईंचं यातलं काही नव्हतं. गेल्या महिन्यातलं भांडण त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. अडत होतं ते पुढे करायचं काम वेळेवर आठवणं, आणि त्यात धडधाकट माणसंही सर्रास चुकतात. मनात एका वेळी साधारण चारच गोष्टी धरता येतात, असा मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांचा २००१ सालचा अंदाज आहे. जिन्यात चारही जागा भरलेल्या असल्या, तर दारातला एक “आई, ऐक ना” पुरतो.

“पण मी लिहून ठेवते की!” बाई म्हणाल्या. ते खरंच होतं. तीन दिवस एवढंच टिपायला सांगितलं: काम कुठे असताना सुचलं, कुठे नोंदवलं, पुन्हा नजरेखाली आलं का. सहा ठिकाणं निघाली. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज, स्क्रीनशॉट, पर्समधल्या चिठ्ठ्या, न वाचलेल्या म्हणून मुद्दाम ठेवलेल्या मेल, गजराला दिलेली नावं, आणि एक कामांचं ॲप. शेवटचं सगळ्यात देखणं आणि सगळ्यात रिकामं.

ते ॲप रिकामं का, हे बघायला त्यांना समोरच एक काम टाकायला सांगितलं. फोन उघडला, ॲप शोधलं, यादी निवडली, मग तारीख, मग प्राधान्य, मग लेबल. तेवढ्यात वरून एक मेसेज आला, बोट तिकडे गेलं. परत आल्यावर त्यांनी विचारलं, “काय टाकायचं होतं?”

चालता-फिरता नोंद करताना निर्णय घ्यायचा नसतो. कधी करायचं, किती महत्त्वाचं, कोणत्या यादीत, हे सगळं नंतर बसून. दहा सेकंदांत नोंद होत नसेल तर घाईच्या दिवशी ती होणारच नाही. म्हणून त्याच ॲपचं ‘नवी नोंद’चं बटण होम स्क्रीनवर अंगठ्याखाली आणलं आणि सगळं थेट ॲपच्या इनबॉक्समध्ये, म्हणजे अजून न लावलेल्या नोंदींच्या एकाच यादीत, पडेल असं केलं. उशाशी छोटी वही आणि तिलाच बांधलेलं पेन, कारण रात्री फोन उघडला की अर्धा तास गेला. वाहन चालवताना हात लावायचा नाही. बाजूला थांबून टिपायचं. बोलून केलेल्या नोंदीत नावं हमखास चुकीची उमटतात, म्हणून ती त्याच संध्याकाळी वाचायची. दोन दिवसांनी “मीनाला पत्र” म्हणजे काय हे बोलणाऱ्यालाही कळत नाही.

नोंदीत क्रियापद हवं. “शाळा” ही नोंद नव्हे. “सहलीचा फॉर्म सही करून दप्तरात ठेवणे” ही नोंद. पाच शब्द जास्त, पण संध्याकाळी डोकं खाजवावं लागत नाही.

दोन आठवडे छान गेले. तिसऱ्यात बाई वैतागून आल्या. इनबॉक्स इतका तुंबला होता की उघडायची भीती वाटायची, आणि कामं पुन्हा डोक्यात घोळायला लागली होती. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. नोंदवायची सवय लवकर लागते, उपसायची लागत नाही. लिहिलेलं पुन्हा दिसणार नाही हे मनाला कळलं, की ते लिहिलेलंही धरून बसतं. मग रोज दहा मिनिटं ठरली, ऑफिसातला लॅपटॉप बंद करण्याआधी. वरून खाली, क्रमाने. आवडतं आधी उचलायचं नाही. दोन मिनिटांत होणारं लगेच उरकायचं, उरलेल्याला तारीख किंवा यादी द्यायची. बरंचसं सरळ खोडायचं; सुचलेलं प्रत्येक काम करायचंच असतं असं नाही. वहीतलं आणि व्हॉट्सॲपवरचंही याच वेळी इनबॉक्समध्ये आणायचं. व्हॉट्सॲपची सवय मोडायचा हट्ट मुद्दाम धरला नाही. ठिकाणं दोन-तीन असली तरी चालतात, ती रोज रिकामी होत असतील तर.

एक ओळ मात्र रोज तशीच उरायची: “आईचं बघायचं.” खोडवत नव्हती, तारीख देता येत नव्हती. इथे यादी संपते आणि समुपदेशन सुरू होतं, कारण ते काम नव्हतंच, ती काळजी होती. मासिकांपो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीची नेमकी योजना केली, तर ती पुरी न होताही मनात डोकावणं कमी होतं. नेमकी म्हणजे कुठे, कधी, काय. त्या ओळीवर पाऊण तास बोलणं झालं. आईचं वय, भावाशी तुटलेलं बोलणं, आपणच सगळं करतो हा राग. त्यातून दोन ओळी निघाल्या. “रविवारी सकाळी दादाला फोन: तपासणीला कोण नेणार?” आणि “आईला विचारणे: तिला काय हवंय?”

उरलेला राग कोणत्याच यादीत बसत नव्हता. तो पुढच्या भेटीसाठी ठेवला, आणि त्या भेटीची तारीख बाईंनी तिथेच टाकली, फोन अनलॉक केल्यापासून दोन टॅपमध्ये.