४,२९,४९,६७,२९७ या संख्येत एवढं काय विशेष आहे?

तुम्ही विचारलेली संख्या माझी सगळ्यात आवडती आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ही म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने बघितलं की २ चा १, २, ४, ८, १६ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात आणि या पाचही मूळ संख्या आहेत, मग पुढच्याही सगळ्या मूळच असणार असं त्याला वाटलं. पुढची पहिलीच संख्या ही, आणि १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की हिला ६४१ ने पूर्ण भाग जातो. ६४१ × ६७००४१७, करून बघा.

बरं, ६४१ सापडला कसा? हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो, हे ऑयलरनेच सिद्ध केलंय. म्हणजे तपासायला उरतात फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्यालाच सापडला!

पण मला खरं वेड लावलं ते भागाकार न करता ६४१ ने भाग जातो हे कळतं त्याने. बघा, ६४१ म्हणजे ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५ × २^७, तर ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१ धरता येते (६४१ ला एकच कमी पडतो म्हणून). दोन्हीकडे चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ ची बाकी १ आली. आता ६४१ म्हणजेच ६२५ + १६ सुद्धा, म्हणजे ५^४ च्या जागी −२^४ लिहिलं तरी बाकी बदलत नाही. लिहा, −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य. झालं! इतकी मोठी संख्या आणि हिशोब सगळा ६४० च्या आसपासचा, मला तरी याहून सुंदर सिद्धता माहीत नाही.

अजून एक, ही दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते, ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². मूळ संख्येला असं दोन प्रकारे जमतच नाही, त्यामुळे नुसत्या यावरूनही ती मूळ नाही हे कळतं, फक्त ती दुसरी जोडी शोधणं सोपं नाही. (२०४४९ स्वतःच १४३ चा वर्ग आहे, हे मला फार आवडतं.)

आणि ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ केलं तर बरोबर हिच्यापेक्षा २ ने कमी येतं, ४,२९,४९,६७,२९५. कॉम्प्युटरवाल्यांना हा आकडा ओळखीचा असेल, ३२ बिटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या. म्हणून प्रोग्रॅम लिहून तपासणार असाल तर ६४ बिटचा व्हेरिएबल घ्या, ३२ बिटच्या अनसाइन्डमध्ये (ऋण संख्या न ठेवणाऱ्या प्रकारात) ही टाकलीत तर हातात नुसता १ उरेल.