कोकणात अंजीर होतं का? परसात आणखी काय लावावं?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीजवळ नवं घर आहे, परसात सहा-सात गुंठे मोकळे आहेत, एकच अंजीर लावलं तर पावसात टिकेल का, फळ धरेल का, आणि सोबत काय लावू?

झाड टिकतं हो. टिकत नाही ते पान. मी पहिलं अंजीर विहिरीजवळ लावलं होतं. आषाढापर्यंत छान फोफावलं. मग पानांच्या खालच्या अंगाला तपकिरी पूड दिसायला लागली, बोट फिरवलं की बोटाला लागायची. हा तांबेरा, बुरशीचा रोग. गणपती आले तेव्हा झाडावर नुसत्या काठ्या. सासवड-पुरंदरकडचं हे पीक, त्याला कोरडी हवा लागते. आपल्याकडे चार महिने पानावरचं पाणी वाळत नाही.

आता त्याचाच फाटा मी अर्ध्या ड्रममध्ये लावलाय. तळाला भोकं, खाली जांभ्याचा चुरा, वर माती आणि शेणखत. मृग लागायच्या आत ड्रम पडवीच्या कडेला, पागोळ्यांच्या आत. ऊन मात्र मिळायला हवं. पाऊस उघडला की ऑक्टोबरात छाटणी, कारण फळ नव्या फुटीवर येतं. छाटताना चीक अंगाला लागू देऊ नका, फार खाज सुटते. छाटल्यावर एकदा बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरचं औषध, फवारतो: दहा लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं नको. फळं मार्च-एप्रिलात उतरतात, म्हणजे पावसाच्या आधी मोकळे.

एकच झाड पुरतं. पुण्याकडच्या अंजिराला परागीभवन लागत नाही. फुलं फळाच्या आतच असतात, उंबरासारखी. पण उंबर फोडल्यावर भुर्रकन उडतात ती चिलटं इथे लागत नाहीत. फळ मऊ होऊन मान टाकेपर्यंत तोडू नका, तोडलेलं अंजीर घरात गोड होत नाही. फळ रंगायला लागलं की जुन्या मलमलीची पिशवी बांधा, नाहीतर बुलबुल तुमच्या आधी उठतात.

पण एक सांगतो, राग मानू नका. सहा-सात गुंठे अंजिराच्या नादी घालवू नका. ते हौसेचं झाड, एक ड्रम बास. जमिनीत कालीपत्ती जातीचा चिकू, जाम (ते पाणीदार फळ), पपनस, मोरीच्या पाण्यावर केळी, आणि कोपऱ्यात एक बिमलं, म्हणजे आंबट बिलिंबी. बिमल्याला काहीच करावं लागत नाही, फक्त शेजाऱ्यांना वाटायला पिशव्या ठेवा.

रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, हवाच, आणि तो बियांचा लावू नका. रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी. आमच्या वडिलांनी बियांपासून तीन लावली, सात वर्षं पाणी घातलं, दोन नर निघाली. मादी झाडावरून केलेलं कलम घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ मिळाली तर उत्तम. लवकर पिकते, त्यामुळे आमसुलं वाळवायला ऊन सापडतं. आणि कलमाच्या सांध्याखालून धुमारा फुटला तर लगेच खुडा. आमच्याकडे एकाचं राहून गेलं, वरचं कलम सुकलं, खालचं झाड डौलात वाढलं. नर की मादी, अजून कळायचंय.